उंची सांगणारं भोक

आरव्ही जातीच्या, घरी बांधायच्या छोट्या विमानाला मागून, शेपटीच्या अलीकडे उभं राहून नीट न्याहाळलं, तर धडाच्या दोन्ही बाजूंना एकेक पॉप रिव्हेट दिसते जिने काहीच जोडलेलं नसतं. बाकीच्या हजारो रिव्हेट पत्र्याला पत्रा धरून बसलेल्या असतात, ही एकटी बिनकामाची वाटते. तिच्या पोटातली काडी ठोकून काढलेली असते, त्यामुळे मधोमध आरपार भोक. आतल्या बाजूने त्यावर प्लास्टिकची बारीक नळी बसवलेली. विमानाची उंची, वेग, चढण्या-उतरण्याचा दर आणि खाली रडारसमोर बसलेल्या माणसाला दिसणारा उंचीचा आकडा, हे सगळं त्या भोकावर अवलंबून असतं. त्याला म्हणायचं स्टॅटिक पोर्ट.

माझी पोटापाण्याची नोकरी प्रेशर ट्रान्समीटरची. पुण्यात शिकलो, आता इलिनॉयमध्ये कारखान्यांच्या पाइपांमधला दाब मोजतो. त्यामुळे माझ्या सांगलीच्या मित्राने जेव्हा इथल्या एका छोट्या धावपट्टीवर हँगर भाड्याने घेऊन आरव्ही-७ बांधायला घेतलं, तेव्हा पंख आणि इंजिन बघायला लोक जमायचे आणि मी मात्र त्या नळीजवळ घुटमळायचो.

या विमानांची थोडी कुळकथा सांगतो. ऑरेगनमधल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन नावाच्या अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःसाठी एकआसनी आरव्ही-३ बांधलं. लोक मागे लागले म्हणून नकाशे आणि किट विकायला लागला. आज त्या मालिकेतली दहा हजारांहून जास्त विमानं घरोघरच्या गॅरेजांतून बांधली जाऊन उडालेली आहेत. अमेरिकेतल्या कायद्याची मुख्य अट अशी, की कामाचा निम्म्याहून मोठा वाटा बांधणाऱ्याने हौसेपोटी किंवा शिकण्यासाठी स्वतः केलेला असावा. मग विमानाला ‘एक्स्परिमेंटल’ असा शिक्का मिळतो आणि चाचणीची ठरावीक उड्डाणं मालकाच्या जबाबदारीवर करायची असतात.

तर मित्राने पत्रा असा घासला होता की त्यात तोंड बघून भांग पाडावा. आणि शेवटी नकाशात ती रिव्हेट आली. तो म्हणाला, “एवढा गुळगुळीत पत्रा केला आणि त्यावर ही चामखीळ बसवू?” त्याने बाजारातून लेथवर काढलेला अ‍ॅल्युमिनियमचा सुबक पोर्ट मागवला. पत्र्याशी अगदी समतल. हात फिरवला तर कळू नये की इथे काही आहे. असा पोर्ट लावणारा तो काही पहिला नव्हे. आरव्ही बांधणाऱ्यांमध्ये हा मोह फार जुना आहे, आणि त्यातून येणारी अडचणही तेवढीच जुनी.

अडचण समजायची तर आधी विमान वेग कसा ओळखतं ते बघू. पंखाखाली पुढे तोंड केलेली पिटॉट नळी असते. हेन्री पिटॉट नावाच्या फ्रेंच माणसाने १७३२ मध्ये सेन नदीचा वेग मोजायला अशी वाकडी नळी पाण्यात धरली होती, तिचीच ही नात. समोरून येणारी हवा त्या नळीत अडते आणि तिथे दाब वाढतो. या वाढलेल्या दाबातून आजूबाजूच्या शांत हवेचा दाब वजा केला की उरतो तो वेगाचा दाब. समुद्रसपाटीला १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) वेगाला तो भरतो साधारण १,६२० पास्कल. ऐकायला मोठा वाटतो, पण वातावरणाचा एकूण दाब १,०१,३२५ पास्कल असतो, म्हणजे हा त्याच्या दोन टक्केही नाही.

आता यातलं पिटॉटचं काम सोपं आहे. नळी दहा-बारा अंश वाकडी राहिली तरी ती फारसं खोटं बोलत नाही. खरी डोकेदुखी वजाबाकीच्या दुसऱ्या बाजूची. ‘आजूबाजूच्या शांत हवेचा दाब’ आणायचा कुठून? विमान जिथे आहे तिथली हवा विमानानेच ढवळलेली असते. नाकासमोर ती दाबली जाते, कॅनॉपीवरून, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरून, आणि पंखाच्या मुळाशी वेगाने पळते म्हणून तिथे दाब कमी होतो, पुढे धड निमुळतं होत जातं तसा दाब परत चढायला लागतो, आणि शेपटीचे पंख समोर येण्याआधी पुन्हा थोडा वाढतो. नाकापासून शेपटीपर्यंत बोट फिरवत गेलात तर दाबाचा आलेख जास्त-कमी-जास्त असा वरखाली होत जातो, आणि मधे कुठेतरी दोन-तीन जागी तो शून्याची रेघ ओलांडतो, म्हणजे तिथला दाब शांत हवेइतकाच असतो. भोक पाडायचं ते त्या जागी. तेही एका वेगाला नव्हे, सगळ्या वेगांना. कारण वेग कमी झाला की नाक वर होतं आणि तो सगळा आलेखच सरकतो.

शिवाय भोकं दोन असतात, डावं आणि उजवं, आणि दोन्हींच्या नळ्या आत टी-जोडाने एकत्र केलेल्या असतात. विमान किंचित आडवं घसरत गेलं की एका बाजूचा दाब वाढतो, दुसरीकडचा कमी होतो, आणि बेरजेत ते एकमेकांना खातात. नुसतं डावं भोक ठेवून रडर (शेपटीचं सुकाणू) दाबला तर उंचीचा काटा हलेल, विमान इंचभरही वर-खाली न होता.

मित्राच्या विमानात काय झालं? आकाशात १५० नॉटने जात असताना काटा दाखवायचा १४५. पाच नॉट कमी. लोकांनी सांगितलं, “पाच नॉटचं काय एवढं? मनाला लावून घेऊ नकोस.” मला मात्र झोप लागेना, कारण पाच नॉट हा दाबाच्या भाषेत १५० नॉटच्या वेगदाबाचा साडेसहा टक्के होतो. म्हणजे भोकापाशी दाब सुमारे २४० पास्कलने जास्त होता. आणि तोच दाब उंचीच्या यंत्रालाही जातो! समुद्रसपाटीजवळ एक मीटर चढलं की दाब बारा पास्कलने उतरतो. हिशेब करा. विमान खरं जिथे होतं त्याच्या वीस मीटर, म्हणजे ६५ फूट खाली असल्याचं काटा सांगत होता.

अमेरिकेच्या जुन्या प्रमाणन नियमांत कारखान्यात बनलेल्या छोट्या विमानांसाठी या चुकीला मर्यादा होती: दर १०० नॉटला ३० फूट. घरी बांधलेल्या विमानाला ती लागू नाही, आणि मुळात ती मंद वेगाच्या पट्ट्यासाठी लिहिलेली. पण मोजपट्टी म्हणून वापरायला हरकत नाही. या विमानाची चूक १०० नॉटला २९ फूट येते, म्हणजे काठावर पास. पण चूक वेगाच्या वर्गाने वाढते आणि मर्यादा सरळ रेषेत, त्यामुळे १५० नॉटला ४५ च्या ठिकाणी ६५, सरळ नापास. आणखी पुढे बघा. आरव्ही-७ ची कधीच ओलांडायची नाही अशी वेगमर्यादा २०० नॉट आहे, तीही खऱ्या वेगात मोजायची. या भोकाच्या भरवशावर समुद्रसपाटीला काटा २०० वर आला तर विमान जवळजवळ २०७ ने चाललेलं असेल. आणि जसजसं वर जाल तसतसा खरा वेग काट्याच्या आणखी पुढे पळतो. पत्र्याच्या शेपट्या फडफडून तुटतात त्या अशाच टोकावर.

उलट उतरताना ही चूक फार त्रास देत नाही. स्टॉल (वेग फार कमी होऊन पंखांची उचल सुटणं) ज्या आकड्याला होतो तो आकडा वैमानिक आपल्याच काट्यावर बघून ठेवतो, आणि काटा कमी सांगत असेल तर तो आपोआप थोडा जास्त वेग ठेवतो. बरेच लोक हे बिघडलेले काटे घेऊन वर्षानुवर्षं सुखाने उडतात ते यामुळेच. मला हे पटत नाही. काटा आपल्याला सोयीच्या दिशेने खोटं बोलतोय हे कारण ठेवून घेण्यासारखं नाही.

पण दोष भोकाचाच, हे कशावरून? काट्याचा असेल, नळी गळत असेल. इथे माझ्या नोकरीचा उपयोग झाला. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीवर ठोकली, त्यात खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी भरलं, शेजारी स्टीलची पट्टी लावली. एक टोक काट्याच्या पिटॉट बाजूला जोडून हळूहळू दाब दिला. १०० नॉटला दोन्ही भुजांमधल्या पाण्यात १६६ मिलिमीटरचा फरक यायला हवा, १५० ला ३७७. पाणी पट्टीवर बरोबर तिथे चढलं, काटाही बरोबर तिथे गेला. हजारो डॉलरच्या स्क्रीनची परीक्षा नळीतल्या पाण्याने घ्यायची यात मला जो आनंद होतो तो घरच्यांना समजत नाही.

मग गळती. उजव्या भोकावर टेप, डाव्या भोकाला सक्शन कपातून मोठी सिरिंज. दट्ट्या अगदी सावकाश ओढायचा, काट्यावर एक डोळा ठेवून. आतला दाब उतरतो तसं हँगरमध्ये उभं असलेलं विमान समजतं की आपण चढतोय. हजार फूट दिसले की थांबायचं, नळीला चिमटा लावायचा आणि घड्याळ बघायचं. एका मिनिटात शंभर फुटांपेक्षा जास्त ‘खाली’ आलं तर गळती आहे. ढगांतून उडणाऱ्या विमानांची अशी तपासणी अमेरिकेत दर २४ महिन्यांनी सक्तीची असते. मित्राच्या विमानात आधी टी-जोडापाशी थोडी गळती निघाली, नळीचं टोक तिरपं कापलेलं होतं. ते सरळ कापून पुन्हा बसवलं आणि काटा जागचा हलला नाही. चिमटा काढतानाही घाई करायची नाही, नाहीतर चढ-उतार दाखवणाऱ्या यंत्राचा काटा टोकाला आपटतो. आणि तोंडाने नळीत फुंकर? ती तर कधीच मारायची नाही. यंत्रं जोडलेली असताना फुंकलेली एक फुंकर महागात पडते.

म्हणजे काटा निर्दोष, नळी निर्दोष. आता खरा वेग हवा होता, तो जीपीएस देतो, पण जीपीएसला जमिनीवरचा वेग कळतो आणि त्यात वारा मिसळलेला असतो. त्यावरची युक्ती शाळेतल्या भूमितीची आहे. पहाटे, हवा थंड आणि स्थिर असताना, एकाच उंचीवर काटा एकाच आकड्यावर धरून तीन वेगवेगळ्या दिशांना उडायचं आणि दर वेळी जीपीएसचा वेग आणि दिशा टिपायची. कागदावर एका बिंदूपासून ते तीन बाण काढायचे. तिन्ही टोकांतून जाणारं एकच वर्तुळ असतं. त्या वर्तुळाचा मध्य मूळ बिंदूपासून जितका सरकलेला तो वारा, आणि त्रिज्या म्हणजे विमानाचा हवेतला खरा वेग. वारा किती होता हे आधी माहीत असायची गरजच नाही. हे पहिल्यांदा कंपासने काढून बघितलं तेव्हा मी तो कागद फ्रीजवर लावला होता.

उत्तर आलं ते वर सांगितलंच. भोकापाशी दाब जास्त.

आता त्या चामखिळीकडे येऊ. आरव्हीच्या धडावर ती जागा काही अगदी शून्याची नाही, तिथे दाब किंचित जास्तच असतो. रिव्हेटचं डोकं पत्र्यावर थोडंसं घुमटासारखं उठलेलं असतं. हवा त्या घुमटावरून जाताना जरा वेग घेते, तिथला दाब जरा उतरतो, आणि भोक नेमकं घुमटाच्या माथ्यावर असतं. जागेचा जास्तीचा दाब आणि घुमटाचा कमी दाब मिळून हिशेब शून्याजवळ जातो. म्हणजे ती रिव्हेट स्वस्त म्हणून नव्हती, निदान फक्त स्वस्त म्हणून नव्हती. जागा आणि रिव्हेट ही जोडी होती. मित्राने जागा ठेवली आणि जोडीदार बदलला.

यावर उपाय हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे. भोकाच्या पुढे, म्हणजे नाकाच्या बाजूला, पत्र्यावर एक बारीकसा बांध घालायचा. हवा बांधावरून उडी मारते, मागे भोकापाशी दाब पडतो, काटा वर सरकतो. काटा मुळात जास्त दाखवत असेल तर बांध भोकाच्या मागे घालायचा, तिथे हवा अडून दाब वाढतो. जुनी रिव्हेट परत लावावी असं मी सुचवलं होतं, पण नव्या पोर्टसाठी भोक एवढं मोठं केलं होतं की पत्र्याला ठिगळ मारावं लागलं असतं, आणि ठिगळ या शब्दालाच मित्राने कान बंद केले. म्हणून आधी टेपचे थर. एक थर, उड्डाण, तीन बाण, वर्तुळ. आणखी एक थर. दोन्ही बाजूंना अगदी सारखं, नाहीतर घसरताना दोन भोकं एकमेकांना खाणार नाहीत. शेवटी मिलिमीटरभर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी गोंदाने चिकटवली. १५० ला काटा १४९ वर आला आणि मित्र त्या पट्टीकडे बघून म्हणाला, “आता दोन चामखिळी झाल्या.”

हे सगळं मी फोनवर माझ्या मामांना सांगत होतो. मामा तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला उडायचे. ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे हवा वर उचलते आहे की खाली नेते आहे हे सांगणाऱ्या व्हेरिओमीटरवर सगळी भिस्त. म्हटलं, “मामा, तुमच्या वेळी हे असं कोण तपासायचं?” ते म्हणाले, “अरे, पाऊस पडून गेला की सकाळी पहिलं काम तेच. भोकात थेंब असला की व्हेरिओ बावचळायचा. आणि कुंभारीण! तिला बारीक भोक दिसलं की मातीचं घर बांधलंच तिने.”

कुंभारीण माशीची गोष्ट गमतीची नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकहून निघालेलं बर्जेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. पिटॉट नळी बुजली होती, आणि तपासात सगळ्यात जास्त संशय होता तो नळीत घर करणाऱ्या अशाच माशीवर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिमाहून निघालेलं एअरोपेरूचं ७५७. विमान धुताना आणि पॉलिश करताना स्टॅटिक पोर्टवर टेप लावली होती आणि ती तशीच राहिली. चंदेरी पत्र्यावर चंदेरी टेप, रात्रीची वेळ, कोणाला दिसणार? वर गेल्यावर उंची, वेग, सगळे इशारे एकमेकांच्या विरुद्ध बोलायला लागले. खाली समुद्र, वर ढग. वैमानिकांनी कंट्रोलरला उंची विचारली, त्याने स्क्रीनवर बघून सुमारे ९,७०० फूट सांगितली. पण त्याच्या स्क्रीनवरचा आकडा विमानातूनच येत होता, त्याच बुजलेल्या भोकांमधून. ७० पैकी कोणी वाचलं नाही. ज्याच्यावर शंका आहे त्यालाच साक्षीला बोलावलं होतं, आणि हे दोन्हीकडच्या कोणाच्याही त्या क्षणी लक्षात आलं नाही.

म्हणून नळी बसवताना भोकापासून ती आधी वर चढवतात, मग पुढे नेतात. पाणी शिरलंच तर ते भोकातून बाहेर ओघळावं, यंत्राकडे जाऊ नये. आणि एक पर्यायी मार्ग ठेवतात, कॉकपिटमधला छोटा व्हॉल्व्ह, जो फिरवला की आतल्या हवेचा दाब यंत्रांना मिळतो. आतला दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो, त्यामुळे उंची आणि वेग दोन्ही जरा जास्त दिसतात, पण काही न दिसण्यापेक्षा ते बरं. तो व्हॉल्व्ह एकदा चांगल्या हवेत उघडून किती फरक पडतो ते लिहून ठेवावं. हे फार थोडे लोक करतात.

कधीकधी वाटतं, किट घेणारा माणूस फार नशीबवान. त्याला जागा आयती मिळते, रिव्हेट आयती मिळते. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर स्वतःच्या आराखड्याचं विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. ते विमान २०१६ मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, पुढच्या वर्षी डीजीसीएकडे, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाकडे, त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. त्यांच्या कागदपत्रांच्या लढाईवर भरपूर लिहून आलंय. पण स्वतः आराखडा काढणाऱ्यापुढे आणखी एक, अजिबात बातमी न होणारं काम असतं: आपल्या विमानाच्या अंगावर शून्य दाबाची जागा कुठे आहे हे पहिल्या उड्डाणांत शोधणं. पहिल्यांदा हवेत जाताना समोरचा प्रत्येक काटा निव्वळ अंदाज असतो. मोठ्या कंपन्या अशा वेळी विमानामागे लांब नळी सोडून तिच्या टोकाला शंकू बांधतात, ढवळलेल्या हवेच्या पार मागे. नाहीतर टॉवरवरून बघत ठरावीक उंचीवरून विमान शेजारून उडवतात आणि काटा काय म्हणतो ते ताडतात.

मित्राचं विमान आता रंगाला गेलं आहे. रंगाच्या दुकानातून फोन आला, की शेपटीजवळच्या दोन पट्ट्या घासून सपाट करू का, दिसायला बरं दिसेल. मित्राने एका कागदावर लिहून पाठवलं: पट्ट्या राहतील. भोकाभोवती पुट्टी नको, रंगाचा जाड थर नको, भोकाच्या कडा घासायच्या नाहीत. झाकायला फक्त भडक केशरी टेप वापरा आणि ती काढल्याची नोंद बिलावर सहीनिशी करा. रंगाच्या थराने पट्टीची उंची थोडी बदलणारच, त्यामुळे विमान परत आलं की पुन्हा पहाटे उठून तीन दिशांना उडायचं आहे. पट्टी कदाचित कानसीने थोडी उतरवावी लागेल.